पिंपरीचे पेनिसिलीन आणि आपले शरीर

ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत संस्थेचा वृत्तांत, दिवंगत कार्यकर्त्यांची चरित्रे आणि गुणवंत विद्यार्थ्यांची नामावळी यांना मानाचे स्थान असते, आणि ते उचितच आहे. परंतु ज्या भूमीत आपण पोटासाठी आलो, स्थिरावलो आणि आता जिला आपले गाव म्हणू लागलो, त्या भूमीच्या इतिहासाचेही आपणांवर काही ऋण असते. आपल्या ज्ञातिबांधवांपैकी कित्येकांची कुटुंबे कोकण, घाट, मराठवाडा, वऱ्हाड अशा निरनिराळ्या भागांतून कारखान्यांच्या ओढीने पिंपरी-चिंचवडला आली. आज या नगरीचे नाव मोटारी आणि यंत्रे यांमुळे सर्वतोमुखी आहे. परंतु पिंपरी या लहानशा गावाचे नाव प्रथम देशभर पोहोचविले ते यंत्राने नव्हे, तर एका औषधाने, ही गोष्ट नव्या पिढीस बहुधा ठाऊक नसते. जुनी माणसे ज्याला अजूनही ‘पेनिसिलीन फॅक्टरी’ किंवा नुसते ‘एच. ए.’ म्हणतात, त्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा वृत्तांत आम्ही येथे सादर करीत आहोत. त्याबरोबरच ते औषध आपल्या शरीरात नेमके काय करते आणि काय करीत नाही, हेही सांगावयाचे आम्ही योजिले आहे. कारण औषधाचा इतिहास शरीराच्या ज्ञानावाचून अपुरा राहतो, आणि त्या ज्ञानाच्या अभावी हाती आलेले औषधही वाया जाते.

पूर्वीचा काळ

आपल्या आजे-पणज्यांच्या काळी मृत्यू किती क्षुल्लक निमित्ताने घरात शिरत असे, याची कल्पना आज येणे कठीण आहे. पायात काटा मोडावा, नखुरडे व्हावे, पाठीवर काळपुळी उठावी, एवढे कारण धट्ट्याकट्ट्या माणसास पुरे होई. गळवावर पोटीस बांधावयाचे, त्याला तोंड येण्याची वाट पाहावयाची, आणि ताप चढून माणूस बरळू लागला की देवावर भार टाकावयाचा, एवढेच घरच्यांच्या हाती असे. बाळंतपण हा बाईचा पुनर्जन्म असे आपल्याकडे म्हणत, ते अलंकारिक बोलणे नव्हते. सूतिकाज्वराने कित्येक घरांतील पाळण्याची दोरी पोरकी केली. पाचवीच्या रात्री दिवा तेवत ठेवून सटवाईची पूजा करण्याची जी चाल आहे, तिच्यामागे भय होते आणि त्या भयामागे अनुभव होता. अस्वच्छ विळ्याने नाळ कापली गेली असता अर्भकास धनुर्वात होतो, आणि तो बहुधा जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्याच्या आगेमागेच प्रकट होतो. आपल्या पूर्वजांनी संकटाची वेळ अचूक ओळखली होती. त्याचे कारण मात्र त्यांस ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक होण्याची साधनेही तेव्हा नव्हती.

त्यातच १८९६ साली मुंबईत आणि पुढल्या वर्षी पुण्यात प्लेग आला. माणसे गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहिली. याच साथीत रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. त्याच वर्षाच्या जानेवारीत वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा पुढे परळ येथे गेली व १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागली. या संस्थेचा आणि पिंपरीचा संबंध पुढे येणार आहे.

रोग जंतूंमुळे होतात हे तोवर सिद्ध झाले होते. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी १८८२ सालीच क्षयाचा जंतू दाखवून दिला होता. परंतु जंतू ओळखणे निराळे आणि माणसाच्या अंगात शिरलेला जंतू, माणसास अपाय न करता, मारणे निराळे. लस ही शत्रू येण्यापूर्वीची तटबंदी आहे. शत्रू एकदा वाड्यात शिरला म्हणजे तिचा उपयोग बहुधा उरत नाही. १९३५ च्या सुमारास सल्फा जातीची औषधे आली आणि थोडी आशा वाटू लागली. खरा पालट मात्र एका बुरशीने घडविला.

बुरशीपासून औषध

१९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांस जंतू वाढविण्याच्या एका बशीवर बुरशी पडलेली दिसली, आणि तिच्या भोवतालचे जंतू विरघळून गेलेले आढळले. ही कथा सर्वपरिचित आहे. तिचा उत्तरार्ध मात्र फारसा कोणी सांगत नाही, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. बुरशीतील ते द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे करण्याचे काम ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन, नॉर्मन हीटली आणि त्यांचे सहकारी यांनी १९३९ नंतर केले. महायुद्धाची टंचाई असल्याने शौचपात्रांसारख्या भांड्यांतून बुरशी वाढवावी लागली. १९४१ साली एका पोलीस शिपायास हे औषध प्रथम देण्यात आले. त्याच्या तोंडास झालेल्या जखमेतून विष अंगभर पसरले होते. औषध देताच तो झपाट्याने सुधारू लागला. परंतु साठा संपला. त्याच्या लघवीतून बाहेर पडणारे औषध पुन्हा गाळून काढून त्यास दिले, तेही पुरले नाही, आणि तो दगावला.

या शिपायाच्या मृत्यूत पुढील सर्व इतिहासाचे बीज आहे. औषध गुणकारी असून भागत नाही, ते पुरेसे असावे लागते. म्हणूनच फ्लोरी व हीटली अमेरिकेस गेले. तेथे मोठ्या टाक्यांमध्ये बुरशी वाढविण्याची रीत सिद्ध झाली, आणि पिओरिया गावच्या बाजारातील एका बुरसटलेल्या खरबुजावर अधिक उत्पन्न देणारी बुरशी सापडली. १९४४ पर्यंत युद्धभूमीवरील सैनिकांस औषध मिळू लागले. १९४५ साली फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांस नोबेल पारितोषिक देण्यात आले.

पिंपरीस कारखाना

स्वतंत्र झालेल्या भारतास मात्र पेनिसिलीन परदेशातून आणावे लागे. देशातच, आणि तेही सार्वजनिक मालकीच्या कारखान्यात, ते तयार व्हावे असा ज्यांनी आग्रह धरला त्यांत मेजर-जनरल साहिबसिंग सोखे यांचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे. सोखे हे १९३२ पासून हाफकिन इन्स्टिट्यूटचे प्रमुख होते. राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्यविषयक उपसमितीचे ते अध्यक्ष होते, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेत त्यांनी उच्च पद भूषविले. औषध ही इतर मालासारखी विकाऊ वस्तू नव्हे, ही त्यांची धारणा होती. अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक साहाय्य द्यावे, युनिसेफने यंत्रसामग्री द्यावी आणि भारत सरकारने कारखाना उभारावा असे ठरले. मुंबई-पुणे लोहमार्ग व हमरस्ता यांलगतची पिंपरीची जागा निवडली गेली. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९५५ साली पिंपरीत पेनिसिलीन तयार होऊ लागले. औषधनिर्मितीच्या क्षेत्रातील केंद्र सरकारचा हा पहिला कारखाना होय.

त्या वेळची पिंपरी कशी होती? पवनेकाठचे एक गाव, आणि फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, नगरपालिका १९७० ची आणि महानगरपालिका १९८२ ची. म्हणजे आज आपण जिला औद्योगिक नगरी म्हणतो ती आकारास येण्यापूर्वीच येथे शास्त्रज्ञ, तंत्रज्ञ आणि कामगार एका अत्यंत नाजूक कामात गुंतले होते.

ते काम नाजूक का, हे आपल्या भगिनींस अधिक चांगले समजेल. दुधास विरजण लावताना भांडे अस्वच्छ असले की दही नासते. पेनिसिलीनच्या टाकीचेही तसेच आहे. फरक इतकाच की येथे भांडे दुमजली घराएवढे असते. त्यातील पोषक द्रावणात बुरशीचे विरजण सोडावयाचे, गाळून निर्जंतुक केलेली हवा अखंड खेळती ठेवावयाची, उष्णतामान ढळू द्यावयाचे नाही, आणि असे काही दिवस सांभाळावयाचे. या अवधीत एखादा परका जंतू आत शिरला तर सारी टाकी फुकट जाते. बुरशी वाढली की ती गाळून टाकावयाची आणि उरलेल्या पाण्यातून औषध थंड अवस्थेतच चटकन वेगळे करावयाचे, कारण उष्णतेने ते नासते. शेवटी पांढरी भुकटी हाती येते. हे कौशल्य परदेशी पुस्तकांतून नव्हे, तर रात्रपाळ्या करूनच अंगवळणी पडले.

कारखान्याने केवळ परक्या विद्येची नक्कल केली नाही. डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांच्या नेतृत्वाखाली तेथे संशोधन होऊ लागले, आणि १९५८ पासून संस्थेची स्वतःची शास्त्रीय पत्रिकाही निघू लागली. पहिल्या पावसानंतर मातीस जो सुगंध सुटतो, तो मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या सूक्ष्म जीवांमुळे येतो. प्रतिजैविके निर्माण करण्याची विद्या या जीवांस निसर्गतः अवगत आहे. पिंपरीच्या मातीतून असाच एक जीव सापडला आणि त्याचे नामकरण ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे झाले. त्याच्यापासून १९६१ च्या सुमारास ‘हॅमायसिन’ हे बुरशीजन्य रोगांवरील औषध सिद्ध झाले. त्याच्या पहिल्या अक्षरांत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची आद्याक्षरे आहेत. पुढे पिके व फळझाडे यांवरील बुरशीसाठी ‘ऑरिओफंजिन’ निघाले. आपल्या गावच्या मातीचे नाव जगाच्या शास्त्रग्रंथांत गेले, याचा अभिमान आपण जितका बाळगावयास हवा तितका बाळगीत नाही.

शरीराचे कार्य आणि औषधाचे कार्य

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे औषध शरीरात काय करते?

प्रथम हे ध्यानी घेतले पाहिजे की औषध येण्यापूर्वीही शरीर निःशस्त्र नव्हते. कातडी हा पहिला तट. तो फुटून जंतू आत शिरले की तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्ताचा ओघ वाढतो, आणि जागा लाल, गरम, सुजलेली व दुखरी होते. या चार लक्षणांस दाह म्हणतात. त्या ओघाबरोबर पांढऱ्या पेशी येतात आणि जंतूंस गिळू लागतात. आपण ज्याला पू म्हणतो तो बहुतांशी या लढाईत कामी आलेल्या पेशींचा व जंतूंचा ढीग असतो. पायास जखम झाली की जांघेत अवधाण येते, कारण तेथील ग्रंथी ही चौकी असून पुढे निघालेल्या जंतूंस ती अडविते. ताप हाही स्वतंत्र रोग नव्हे. मेंदूतील उष्णतेचे नियमन करणारे केंद्र त्या काळापुरते उष्णतामान वाढवून ठेवते, त्याचे ते चिन्ह आहे. म्हणून ताप उतरविणे म्हणजे रोग बरा करणे नव्हे.

पेनिसिलीन या लढाईत शरीराची जागा घेत नाही, त्यास कुमक पाठविते. जिवाणूंच्या पेशीभोवती एक भक्कम भिंत असते. मनुष्याच्या पेशीभोवती तशी भिंत नसते. वाढताना जिवाणूस ही भिंत सतत बांधावी लागते, आणि पेनिसिलीन नेमके त्या गवंडीकामातच विघ्न आणते. भिंत कच्ची राहते, बाहेरचे पाणी आत शिरते आणि जिवाणू फुटतो. आपल्या पेशींस भिंतच नसल्यामुळे त्यांस अपाय होत नाही. शत्रू मारावा आणि घर शाबूत राहावे, हे जे पूर्वी अशक्य वाटे, त्याचे रहस्य हे आहे. मात्र काही व्यक्तींच्या शरीरास हे औषध मुळीच सोसत नाही आणि क्वचित जिवावर बेतते. म्हणून पूर्वी त्रास झाला असल्यास वैद्यास तो प्रथम सांगितला पाहिजे.

याच ज्ञानातून औषधाच्या मर्यादाही कळतात. सर्दी, फ्ल्यू, डेंग्यू, चिकुनगुनिया हे विषाणूंचे रोग आहेत. विषाणूस भिंतच नाही, मग पेनिसिलीनने पाडावे काय? प्लेग व विषमज्वर यांचे जिवाणू आपल्या भिंतीवर आणखी एक आवरण पांघरतात, त्यामुळे साधे पेनिसिलीन तेथे हतबल होते. क्षयाच्या जंतूचे आवरण मेणचट असते. त्याच्यावर प्रथम चालले ते अमेरिकेत १९४३ साली मातीतील जीवापासून मिळालेले स्ट्रेप्टोमायसिन. पिंपरीच्या कारखान्यात पुढे तेही तयार होऊ लागले. ज्या प्लेगने १८९७ साली पुणे ओस पाडले त्याच्यावरही हेच औषध गुणकारी आहे. ते तेव्हा असते तर, हा विचार मनास चटका लावून जातो.

उलट काही साध्या दिसणाऱ्या दुखण्यांत पेनिसिलीनसारखा मित्र नाही. मुलाचा घसा एका विशिष्ट जिवाणूने सुजतो, आठ दिवसांत तो बरा झाल्यासारखा दिसतो आणि आपण विसरून जातो. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा, घोटा, कोपर असे सांधे आळीपाळीने सुजू लागतात. यास आमवातज्वर म्हणतात. येथे घडते ते असे की घशातील जिवाणूशी लढण्यास शरीराने जी शस्त्रे घडविली, ती चुकून स्वतःच्याच सांध्यांवर व हृदयावर चालतात. सांधे पुढे पूर्ववत होतात, परंतु हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात, आणि वीस-पंचवीस वर्षांचा तरुण, किंवा पहिलटकरीण, जिना चढताना धापा टाकू लागते. अशा मुलास दर तीन-चार आठवड्यांनी दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे देत राहिल्यास ज्वराची पुनरावृत्ती टळते व हृदय वाचते. मूल हसते-खेळते दिसते म्हणून पालक ही इंजेक्शने बंद करतात. ज्ञातिबांधवांनो, इतका महाग पडणारा निष्काळजीपणा दुसरा नाही.

देणगीची उधळपट्टी

पेनिसिलीन निष्प्रभ करणारे द्रव्य काही जिवाणू स्वतःच निर्माण करतात, हे चेन व एडवर्ड अब्राहम यांनी १९४० सालीच दाखविले होते. फ्लेमिंग यांनीही १९४५ साली नोबेल व्याख्यानातच इशारा दिला होता की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, ते औषधाला सरावतात. शेतकऱ्यास हे सांगावयास नको. एकच कीडनाशक वारंवार आणि पातळ करून फवारले की कमजोर कीड मरते, चिवट कीड उरते आणि पुढल्या हंगामात तिचीच पैदास होते. शरीरातही हेच घडते, आणि चिवट जंतू एका घरात थांबत नाही, शेजाऱ्याच्याही घरी जातो. म्हणून प्रतिजैविकाचा दुरुपयोग हा खासगी दोष राहत नाही.

तरीही आपल्या घरांतून काय चालते? सर्दी झाली की दुकानातून दोन गोळ्या आणावयाच्या, बरे वाटताच उरलेल्या डब्यात ठेवावयाच्या, आणि पुढल्या खेपेस त्याच दुसऱ्या मुलास द्यावयाच्या. सरकारने २०१४ साली काही प्रतिजैविकांच्या विक्रीवर अधिक कडक निर्बंध घातले, आणि पाकिटावरील उभी लाल रेघ म्हणजे चिठ्ठीवाचून न घेण्याचे औषध, हे २०१६ पासून लोकांस सांगण्याचा प्रयत्न झाला. आपल्यापैकी किती जणांनी ती रेघ न्याहाळली आहे? औषध किती दिवस घ्यावयाचे हे रोगावर अवलंबून असते. कधी तीन दिवस पुरतात, कधी महिने लागतात. ते ठरविणे वैद्याचे काम आहे, आपल्याला वाटणाऱ्या आरामाचे नव्हे. मधुमेह असलेल्यांनी तर अधिकच जपावे. रक्तात साखर वाढली की पांढऱ्या पेशी मंदावतात, आणि पायाची संवेदना कमी झाल्याने जखम झालेलीही कळत नाही. तेथे औषधाइतकीच पायांची रोजची पाहणी मोलाची असते.

आजची स्थिती

कारखान्याचे पुढे काय झाले, हे सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. परदेशातून, विशेषतः चीनमधून, स्वस्त माल येऊ लागला तेव्हा देशातील पेनिसिलीनचे उत्पादन तोट्यात गेले. १९९७ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आजारी उद्योग म्हणून जाहीर झाला. टाक्यांतील बुरशीची वाढ थांबली, कामगारांची संख्या घटली, आणि कंपनी तयार द्रव्यापासून गोळ्या-इंजेक्शने करण्यापुरती उरली. ज्या देशाने १९५५ साली स्वतःचे पेनिसिलीन केले, तो देश त्याच्या मूळ द्रव्यासाठी पुन्हा परावलंबी झाला. २०१५-१६ च्या सुमारास आमवातज्वराच्या मुलांस लागणाऱ्या दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलीनचा जगात अनेक ठिकाणी तुटवडा पडला. औषध जुने होते, स्वस्त होते, म्हणून ते करण्यात कोणास नफा दिसत नव्हता! २०२० च्या करोना साथीने या परावलंबनाचा धोका सर्वांस दाखविला, आणि २०२४ साली आंध्र प्रदेशात काकीनाडा परिसरात एका खासगी कंपनीचा पेनिसिलीनच्या मूळ द्रव्याचा कारखाना उभा राहिला. ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु सोखे यांची धारणा यथार्थ होती हेही यावरून दिसून येते. काही औषधे अशी असतात की त्यांचा हिशेब नफ्यातोट्याच्या वहीत मांडून चालत नाही.

कारखान्याचे भवितव्य आपल्या हाती नाही, परंतु त्याने दिलेल्या विद्येचे भवितव्य आहे. आपल्या संस्थेचे सभागृह आहे, महिला मंडळ आहे, सुट्टीत मुलांचे वर्ग भरतात, आणि ज्ञातीत वैद्य, परिचारिका व औषधविक्रेतेही आहेत. वधू-वर मेळाव्याइतक्याच उत्साहाने वर्षातून दोन दिवस शरीररचना व साध्या रोगांची माहिती देण्यास योजावेत. मुलाच्या घशाकडे, बाळंतिणीच्या तापाकडे, मधुमेहाच्या पायाकडे आणि पाकिटावरील लाल रेघेकडे पाहावयास शिकवावे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये काम केलेली वृद्ध मंडळी आपल्यांत असतील, तर त्यांच्या तोंडून त्या टाक्यांची व रात्रपाळ्यांची हकिगत ऐकून लिहून ठेवावी. तिचा अंतर्भाव पुढील वर्षीच्या स्मरणिकेत झाल्यास संपादक मंडळ आनंदाने तिचे स्वागत करील, असा आम्हांस विश्वास वाटतो.